थोरलीचा लघुग्रह

वेधशाळेत नवा माणूस रुजू झाला की पहिल्या आठवड्यात हमखास विचारायचा, "यांना धाकटी का म्हणतात? थोरली कुठे असते?" मग खोलीतलं कुणीतरी गंभीर चेहऱ्यानं बोट वर करायचं. नवा माणूस वर बघायचा. वर आमचं ओल आलेलं छत. मग त्याला बाजूला घेऊन सगळं सांगायला लागायचं आणि ते काम बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडायचं.

मी तिथे लागलो तेव्हा धाकटी एकेचाळीस वर्षांची होती. कानाजवळचे केस पांढरे, गळ्यात दोन चष्मे, एक मोजायचा आणि एक माणसं बघायचा. निवृत्त झाली तेव्हा साठीची, तरी धाकटीच. पोरंसोरं तिला 'धाकटीताई' म्हणायची आणि त्यात काही विचित्र आहे हे त्यांच्या डोक्यातही यायचं नाही. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं. त्या नावानं कुणी हाक मारली तर ती लगेच ओ द्यायची नाही. आधी मागे वळून बघायची. एकोणीस वर्षं मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसलो आणि हे इतक्यांदा पाहिलं, की पुढे पुढे तिच्याबरोबर मीही मागे बघायला लागलो.

आमचं काम दिवसाचं. दुर्बिणीवरचे लोक रात्र जागवून सकाळी झोपायला जायचे आणि जाताना काचेच्या प्लेटा आमच्याकडे ठेवून जायचे. एकेक प्लेट पाटीएवढी. तिच्यावर सगळं उलटं उमटलेलं असतं, आकाश पांढरं आणि तारे काळे, कागदावर मोहरी सांडल्यासारखे. दुर्बीण तासभर ताऱ्यांच्या चालीनं फिरते, म्हणून तारे ठिपके होऊन बसतात. पण सूर्याभोवती फिरणारे जे हजारो धोंडे आहेत, लघुग्रह म्हणतात ते, त्या तासाभरात थोडे पुढे सरकतात आणि त्यांची बारीक रेघ उमटते. ती रेघ शोधायची, सूक्ष्मदर्शकाखाली धरायची आणि शेजारच्या ओळखीच्या ताऱ्यांपासून ती किती लांब आहे ते स्क्रू फिरवत मोजायचं, हे धाकटीचं काम. त्या आकड्यांवरून धोंड्याची वाट मांडायची, हे माझं. मला ती नावानं कधीच हाक मारत नसे. "अहो गणित," म्हणायची, "जरा इकडे या."

लोकांना वाटतं, रेघ सापडली की लगेच तिला नाव ठेवतात. काही नाही हो. आधी नुसती तात्पुरती खूण मिळते, सालाची आणि दोन अक्षरांची. पुढे तो धोंडा वर्षानुवर्षं ठरल्या जागी ठरल्या वेळी दिसत राहिला, त्याची वाट पक्की झाली, की कायमचा आकडा मिळतो. त्यानंतर कुठे शोधणाऱ्याला नाव सुचवायचा हक्क येतो, तोही दहा वर्षांपुरता. मग समिती ते नाव तपासते. सोळा अक्षरांच्या आत हवं. आधीच्या कुठल्या नावासारखं नको. दुकानाची, मालाची जाहिरात नको. कुत्र्या-मांजरांची शक्यतो नकोत. राजकारणी आणि सेनापती यांना मेल्यावर शंभर वर्षं थांबावं लागतं. हा नियम ज्यानं केला तो मला भेटला असता तर मी त्याला हात जोडले असते. एकदा एक फर्निचरवाला दुकानाचं नाव द्या म्हणून आला होता. धाकटीनं त्याला खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "ही खुर्ची तुमच्याकडचीच का?" तो अभिमानानं हो म्हणाला. "डुगडुगते," ती म्हणाली आणि परत मोजायला लागली.

नावाबरोबर चार ओळी लिहून द्याव्या लागतात, हे नाव कुणाचं आणि का. सुरुवातीच्या काळात देवतांची नावं द्यायचे, तेव्हा फारसं लिहायला लागत नसे. मग देवता संपल्या आणि धोंडे काही संपेनात, तेव्हा शोधणाऱ्यांनी आपल्या बायका, मुली, मावश्या वर नेऊन बसवल्या. कुणाकुणाच्या लेकी तिथे भरपूर आहेत. बहुतेकींनी इथे खाली लग्नं केली, भांडणं केली, म्हाताऱ्या झाल्या. थोरली सहाव्या वर्षी गेली.

थोरलीचे आणि धाकटीचे वडील आमच्याच खोलीत, त्याच मोजयंत्रावर मोजणीदार होते. एका वर्षी त्यांना लागोपाठ तीन रात्रींच्या प्लेटांवर एक नवी रेघ सापडली. त्याच आठवड्यात मुलीला ताप भरला. ताप उतरला नाही. मुलीला पोचवल्यावर पाचव्या दिवशी ते कामावर आले. घरी जा म्हणून साहेबांनी सांगितलं, ते गेले नाहीत. तिसऱ्या प्लेटेनंतर एकोणीस दिवसांनी त्यांना तीच रेघ पुन्हा दोन रात्रींच्या प्लेटांवर सापडली. त्या काळी आकडे थोडे भराभर मिळायचे; हिलाही मिळाला आणि वडिलांनी तिला मुलीचं नाव दिलं. खाली एकच ओळ लिहिली: शोधकाची मुलगी, सहाव्या वर्षी वारली.

पुढच्या वर्षी, गणितानं सांगितलेल्या जागी, त्यांनी बघितलं. तिथे काहीच नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षीही नव्हतं. नाव यादीत राहिलं, आकडा राहिला, पण तो धोंडा कुणाला पुन्हा दिसला नाही. असं क्वचित होतं. आम्ही त्याला 'हरवलेला' म्हणतो. आता बघा, आधी घरातून मुलगी गेली आणि मग तिच्या नावाचं जे काही वर राहिलं होतं तेही गेलं. मला अजूनही हे लिहिताना राग येतो, कुणावर ते सांगता येत नाही.

तीन वर्षांनी दुसरी मुलगी झाली. आईनं तिला तेच नाव दिलं.

वापरायला अडचण होऊ लागली, म्हणून घरात थोरली आणि धाकटी सुरू झालं. थोरलीचे फ्रॉक धाकटीच्या अंगावर चढले. थोरलीची खाट, थोरलीची पाटी. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर वडील पेन्सिलीनं मुलीची उंची मांडायचे; मोजणीदारच तो, रेघेशेजारी तारीख, पूर्णांक, अपूर्णांक सगळं. थोरलीची शेवटची रेघ सहाव्या वर्षाची. धाकटीला त्याच चौकटीशी उभं करायचे आणि आई बाजूला उभी राहून बघायची. "दर वाढदिवसाला मी तिच्या जवळ जवळ जायची," धाकटीनं मला एकदा डबा खाताना सांगितलं. "सातव्या वर्षी माझी रेघ तिच्या वर गेली. आईनं बाबांच्या हातातून पेन्सिल घेतली आणि फडताळात ठेवून दिली. मग मला कुणी मोजलं नाही." हे तिनं अगदी सहज सांगितलं. 

शाळेत बाईंनी वर्गाला सांगितलं, हिच्या नावाचा लघुग्रह आहे. धाकटी उड्या मारत घरी आली. आई कपड्यांच्या घड्या करत होती. वर न बघता म्हणाली, "तो तुझा नाही. तिचा आहे."

वडील रोज संध्याकाळी घरी येऊन दारात बूट काढायला वाकले की आई आतून विचारायची, "सापडली?" वडील म्हणायचे, "नाही अजून." त्यानंतरच मग चहा, पाणी, बाकीचं बोलणं. धाकटी बावीस वर्षांची असताना वडील गेले. वेधशाळेनं त्यांच्या जागेवर तिला घेतलं. पहिल्या दिवशी ती घरी आली, दारात वाकून बुटाची नाडी सोडू लागली आणि आतून आवाज आला, "सापडली?"

"मला वाटलं होतं, पहिला दिवस कसा गेला ते विचारेल," ती म्हणाली. "मी म्हटलं, नाही अजून. मग पस्तीस वर्षं तेच."

मी लागलो तेव्हा ती अर्धी सुट्टी जेवणात आणि अर्धी थोरलीत घालवायची. जुन्या वह्यांतून मी थोरलीची वाट मांडून द्यायचो, ती त्या पट्ट्यातल्या प्लेटा काढून एकेक मोहरी तपासायची. हातात पांढरे मोजे, तोंडावर रुमाल, काचेवर श्वास पडू नये म्हणून. सोळा वर्षांत तिला त्या नादात दुसऱ्या कितीतरी रेघा सापडल्या. त्या तिनं निमूटपणे दुसऱ्यांना देऊन टाकल्या. "मला एकच हवी आहे," म्हणायची. इतकी वर्षं झाली की वाटेचा अंदाज इतका पसरतो की अर्धं आकाश धुंडाळावं लागतं. मी तिला सांगायचो, वेड्यासारखं काय करताय. ती म्हणायची, "तुम्ही घरी जाता तेव्हा तुम्हाला कुणी काही विचारत नाही ना? मग गप्प बसा."

खरं सांगायचं तर मला बरीच वर्षं संशय होता. वडिलांच्या जुन्या आकड्यांत एक गोष्ट मला टोचायची. पहिल्या तीन रात्री आणि नंतरच्या रात्री एका वाटेवर बसत होत्या, पण ओढूनताणून. दोन पायांत दोन मापांचे बूट घालावेत तशा. अशी शिल्लक चूक दिसली की वाट नाकारायची असते. त्या वेळच्या साहेबांना ती दिसली नसेल असं मला वाटत नाही. समोर मुलगी गेलेला माणूस उभा होता, त्याला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं असेल आणि त्यांनी डोळेझाक केली. माणूस म्हणून मी त्यांना दोष देत नाही. पण आकडेमोडीत दया करू नये, ती कुणालातरी पुढे साठ वर्षं फेडावी लागते.

शेवटी एक दिवस मी बोललो. "वडिलांच्या मूळ प्लेटा पुन्हा मोजून बघा."

तिनं मोजायचा चष्मा काढला, माणसांचा घातला. "बाबांचं मोजमाप चुकत नसे."

"मोजमाप चुकलं असं मी म्हणत नाही."

"मग काय म्हणताय?"

ते मला तिच्या तोंडावर म्हणवलं नाही. त्यानंतर चार महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली आणि "अहो गणित"च्या जागी मला साहेब म्हणायला लागली. त्यासारखी शिक्षा नाही.

त्याच दिवसांत तिची आई विसरायला लागली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई. आधी वार विसरली, मग गॅस, मग दिवसा सोबतीला येणाऱ्या शेजारणीचं नाव. एवढी एक गोष्ट मात्र विसरली नाही. संध्याकाळी दाराची कडी वाजली की, "सापडली?" एका सोमवारी सकाळी मी आलो तर धाकटीच्या टेबलावर पाच जुनी पाकिटं होती, पिवळी पडलेली, वडिलांच्या हातच्या तारखा असलेली. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "आईकडे फार दिवस नाहीत. चूक असेल तर असू दे."

तीन पाकिटांवरचं अक्षर छापल्यासारखं होतं. उरलेल्या दोनांवर तेच अक्षर, पण ओळ खाली खाली घसरत गेलेली. आत काचेवर, रेघेभोवती वडिलांनी शाईनं गोल काढला होता. पहिल्या तीन प्लेटांवर तो गोल एका झटक्यात काढलेला. नंतरच्या दोनांवर तीन-तीनदा गिरवलेला.

ती दिवसभर मोजत होती. दर रेघ चारदा. दुपारी जेवली नाही. साडेचारच्या सुमाराला तिनं आवाज दिला, "अहो गणित, इकडे या." चार महिन्यांनी ती हाक ऐकून मी इतका धडपडत उठलो की माझी शाईची दौत कलंडली.

मी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. मग दुसरी प्लेट, मग परत पहिली. नंतरची रेघ पहिल्या तिघींपेक्षा जराशी लांब होती आणि तिचा तिरकेपणा वेगळा होता. नवशिक्यालाही समजावं इतका वेगळा. ही चालच दुसऱ्या कुणाची होती.

"दोन आहेत," मी म्हटलं.

"दोन आहेत," ती म्हणाली. "पहिल्या तीन रात्री एक. ती असताना. आणि ती गेल्यावर ही दुसरीच." थोडा वेळ तिनं काचेवरच्या त्या गिरवलेल्या गोलावर बोट धरलं, न टेकवता. "बाबांनी हिला शोधलं नाही हो. बाबांना ती दिसली."

मी सूक्ष्मदर्शकावरून बाजूला झालो.

"दुसरीच कुणीतरी समोर आली आणि त्यांना तीच वाटली," ती म्हणाली. "म्हणजे माझंच झालं की."

त्या दिवशी खोलीत उजेड चांगला होता, खाली अंगणात माळी झारीनं पाणी घालत होता, सगळं रोजच्यासारखं होतं.  साठ वर्षं ती दुसरी रेघ थोरलीच्या नावाखाली त्या पाकिटात पडून होती.

पुढचं काम माझं होतं आणि ते सोपं निघालं. एकीच्या दोन केल्याबरोबर दोघी सरळ वागायला लागल्या. दोन वाटा मांडल्या, पुढच्या साठ वर्षांत त्या कुठे कुठे असायला हव्यात ते काढलं आणि ठिकठिकाणच्या वेधशाळांनी पाहून अर्धवट सोडलेल्या नोंदींत शोधलं. तीन आठवड्यांत पहिली सापडली. महिन्याभरानं दुसरी. आम्ही सगळं लिहून पाठवलं. आकडे, प्लेटांच्या प्रती, वडिलांची चूक, सगळं. चूक लिहिलेलं पान धाकटीनं स्वतः टाइप केलं.

उत्तर यायला आठ महिने लागले. आकडा आणि नाव पहिल्या तीन रात्रींच्या लघुग्रहाकडे राहील. दुसऱ्याला नवा आकडा दिला आहे. शोधक हयात नसल्यानं नाव वेधशाळेनं सुचवावं, मुदत दहा वर्षं. खाली एक वाक्य होतं: आधीच्या लघुग्रहाचं नाव याला देता येणार नाही, एक नाव एकालाच मिळतं.

धाकटीनं ते वाक्य दोनदा वाचलं. मग हसायला लागली. "हा नियम आमच्या घरी कुणी सांगितला नाही हो," म्हणाली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांची बाई रुमालात तोंड घालून रडत होती आणि मी, वाट मांडणारा माणूस, हात कुठे ठेवावे या विवंचनेत उभा होतो. मी पाण्याचा पेला भरला आणि माझा मीच पिऊन टाकला.

सुटायच्या वेळी ती म्हणाली, "आज घरी येता माझ्याबरोबर? मला एकटीला नाही सांगता यायचं."

तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. मी तिथे पहिल्यांदाच गेलो. शेजारीण निरोप घेऊन निघाली. दारातून सरळ स्वयंपाकघर दिसायचं आणि खिडकीशी खुर्चीत बसलेली आई दिसायची, चिमणीएवढी झालेली, शाल गुंडाळलेली. मधली चौकट नव्यानं रंगवलेली होती, पण एका अंगाला वीतभर रुंदीचा पट्टा तसाच जुना ठेवला होता. त्यावर पेन्सिलीच्या रेघा होत्या, एकीकडे सहा आणि एकीकडे सात. इतक्या बारीक, इतक्या नीट रेघा मी फक्त आमच्या खोलीत पाहिल्या आहेत.

धाकटी वाकली, एका बुटाची नाडी सोडली.

"सापडली?" आतून आवाज आला.

ती तशीच वाकलेली राहिली. मग सरळ झाली. एक बूट पायात, एक हातात. "सापडली, आई."

म्हातारी उठली. तिला आधाराशिवाय उठता येत नाही असं मला सांगितलेलं होतं. टेबल धरत धरत ती आली आणि दोन्ही हातांनी धाकटीचा चेहरा धरला. कपाळ, भुवया, गाल, सगळं चाचपून पाहिलं.

"इतकी वर्षं कुठे होतीस ग?" ती म्हणाली.

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती म्हणेल, आई, मी आहे, धाकटी. कुणीही म्हटलं असतं. 

"लांब होते," धाकटी म्हणाली.

"मोठी झालीस."

"हो."

"तुला एक बहीण आहे," आई तिचा हात धरून म्हणाली. "तुला ठाऊक नसेल. तू गेल्यावर झाली. धाकटी म्हणतो आम्ही तिला. रोज तुला शोधायला जाते बिचारी. सकाळी जाते, दिवे लागायला येते. डोळे दुखतात तिचे. सांगत नाही, पण मला कळतं."

"कशी आहे ती?" धाकटीनं विचारलं. आवाज तिचा नव्हताच.

"गुणाची आहे. हुशार आहे, तुझ्याहून हुशार, राग मानू नकोस." म्हातारी थांबली. "मी तिला कधी धड बघितलंच नाही ग. बघायला गेले की तूच दिसायचीस. मग मी दुसरीकडे बघायची. लहान होती, तिला वाटलं असेल, आईला मी आवडत नाही."

धाकटीच्या हातातला बूट खाली पडला. मी तो उचलला आणि मग तो लहान पोरासारखा छातीशी धरून उभा राहिलो, कारण दुसरं काही सुचेना.

"मी सांगेन तिला," धाकटी म्हणाली.

"नको, मी सांगते. माझंच काम आहे ते." म्हातारीनं परत जाऊन खुर्ची ओढली आणि दाराकडे तोंड करून बसली. "तू बस. येईलच ती आता. दार उघडं ठेव."

मी दार उघडं ठेवलं. आम्ही तिघं बसलो. जिन्यावर कुणाची पावलं वाजली की म्हातारी पुढे झुकायची आणि पावलं खालच्या मजल्यावर थांबली की मागे टेकायची. धाकटी तिच्या अगदी समोर बसली होती, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. आई तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत होती. अंधार पडायला लागला तेव्हा मी उठलो. धाकटीनं मानेनंच जा म्हणून सांगितलं. तिच्या एका पायात अजून बूट होता.

त्यानंतर आईचा प्रश्न बदलला. धाकटी संध्याकाळी घरात शिरली की आई विचारायची, "धाकटी आली?" आणि धाकटी म्हणायची, "येईल, आई." पाच महिने हे चाललं. "तुम्ही तिला खरं का सांगत नाही?" असं मी एकदा विचारलं. "सांगितलं की," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी सांगितलं. म्हटलं, आई, मीच धाकटी. ती म्हणाली, नको ग माझी समजूत घालूस." पाचव्या महिन्यात आई गेली. शेजारीण सांगत होती, शेवटपर्यंत दार लावू दिलं नाही.

दुसऱ्या लघुग्रहाच्या नावाचा कागद धाकटीच्या खणात होता. वेधशाळेतल्या सगळ्यांचं ठरलेलंच होतं की नाव धाकटीचं द्यायचं. तिचं कागदोपत्री नाव चालणार नव्हतं, ते दिलं गेलेलं होतं. पण 'धाकटी' चालण्यासारखं होतं, सोळा अक्षरांच्या आत होतं, आधी कुणाला दिलेलं नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी, हार-भाषणं झाल्यावर, मी मोठ्या ऐटीत तिला ते सांगितलं. मला वाटलं, ती खूश होईल.

"नका देऊ," ती म्हणाली. "नुसता आकडा राहू दे."

"अहो, पण का?"

"नाव दिलं की कुणाला तरी शोधायला जावं लागतं. तिला तरी मोकळी राहू दे."

चार वर्षांनी ती गेली. फार आजारी नव्हती. तिचं आवरायला जवळचं असं कुणी नव्हतं, म्हणून शेजारणीनं मला बोलावलं. चौकटीवरचा पट्टा तसाच होता. फक्त धाकटीच्या बाजूला, सातव्या वर्षाच्या रेघेच्या खूप वर, आणखी एक रेघ होती. ताजी, जराशी वाकडी, स्वतःच स्वतःला मोजताना येते तशी. तारीख तिच्या आईच्या जाण्यानंतरची होती. पूर्णांक, अपूर्णांक, सगळं होतं.

मी तिच्या निवृत्तीच्या वेळीच नाव सुचवायचा कागद भरून ठेवला होता, तिनं नाही म्हटलं तरी. चार ओळीही लिहिल्या होत्या. दर वर्षी पाठवू म्हणायचो आणि दर वर्षी खणात परत टाकायचो. गेल्या महिन्यात दहा वर्षांची मुदत संपली. मी कागद पाठवला नाही. तिचं मी एवढं एकच ऐकलं.

पण शोधायला जाऊ नका, हे काही मला जमलेलं नाही. मी आता घरी असतो, डोळ्यांनी फारसं दिसत नाही, तरी दर वर्षी त्या दुसऱ्या रेघेची जागा मांडतो, हातानंच, जुन्या वहीत. आजवर एकदाही चुकलेली नाही. या वर्षी ती पहाटे पूर्वेला आहे, बारीक, दुर्बिणीशिवाय दिसणार नाही अशी. वहीत तिच्यापुढे नावाचा रकाना रिकामा आहे आणि संध्याकाळी घराचं दार मी थोडा वेळ उघडं ठेवतो.